नान, खलिया आणि भाकरी

मराठवाड्याबाहेरचा कुणी भेटला आणि बोलता बोलता जेवणाचा विषय निघाला, की एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : 'तुमच्याकडं काय बुवा, रोज बिर्याणी असेल!' प्रश्न प्रेमानंच विचारलेला असतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं. मोठी सतरंजी, मधोमध वाफाळती परात, भोवती टोपी घातलेली आठदहा माणसं. मी सांगतो, माझ्या लहानपणी आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी असायची. तिच्याबरोबर अंबाडीची भाजी, नाही तर येसराची आमटी. तेही नसलं तर शेंगदाण्याची चटणी, त्यावर कच्चं तेल आणि हातानं फोडलेला कांदा. बिर्याणी वर्षातून दोनतीनदा, आणि तीही दुसऱ्याच्या लग्नात. हे ऐकून समोरचा जरा हिरमुसतो. मुसलमान कवीनं अंबाडीची भाजी खावी, हे त्याला कुठंतरी खटकतं.

खरं तर बिर्याणी ही आमच्या भागाची ओळखच नाही. ती हैदराबादची. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळं ती इथंही आली आणि स्थिरावली. पण इथल्या मातीतला, इथल्या गल्ल्यांतला मानाचा पदार्थ विचाराल तर तो नान-खलिया. मी ज्या शहरात बी. ए. केलं त्याचं तेव्हाचं नाव औरंगाबाद. २०२३ पासून सरकारदरबारी ते छत्रपती संभाजीनगर झालं. त्याच्या आधी ते फतेहनगर होतं, आणि त्याच्याही आधी, मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवलं तेव्हा, खडकी. नावांची ही यादी मोठी आहे. आपण आज तिच्यात शिरायला नको. आजचा विषय पोटाचा आहे.

ज्यांनी नान-खलिया खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नान म्हणजे पंजाबी ढाब्यावर मिळतो तो लांबट, लोणी फासलेला नान नव्हे. हा जाडसर, फुगीर, पिवळसर सोनेरी रंगाचा असतो. पिठात यीस्ट असतं, थोडा गूळ असतो आणि हळद असते. गुळामुळं दोन गोष्टी होतात. पीठ चांगलं फुगतं आणि भट्टीत वरचा पापुद्रा तांबूस होतो. हळदीमुळं रंग येतो. तोंडात टाकला तर किंचित गोड लागतो. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, तिखट रस्सा. कांदा तळून, सुकं खोबरं, खसखस, तीळ, धणे, शेंगदाणे भाजून, वाटून केलेला. कुठल्या घरी काजू असतात, कुठं चारोळी, कुठं यातलं काही कमी. प्रत्येक बावर्चीचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की खरा खलिया माझाच. या रश्शावर लाल तेलाचा जो थर तरंगतो ती तर्री. गोडसर नान आणि जाळ काढणारी तर्री, या दोघांची जोडी जमली तिथं नान-खलिया जमला.

'खलिया' हा शब्द मूळचा अरबी. 'कलिया' म्हणजे तळलेलं, परतलेलं. अकबराच्या दरबारात अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात शाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांची वर्गवारी आहे. एक वर्ग बिनमांसाचा, दुसरा मांस आणि तांदळाचा, तिसरा मांस आणि मसाल्यांचा. या तिसऱ्या वर्गात दोप्याजा, कबाब, दमपुख्त यांच्या पंगतीत कलिया बसलेला आहे.

पण शहरात तुम्ही कुणालाही विचारा, तो तुम्हाला अकबराच्याही मागं नेईल. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं दौलताबाद केलं. फौज, कारकून, व्यापारी, सूफी, सगळ्यांना घेऊन तो आला. एवढ्या लोकांना रोज जेवायला काय घालायचं? म्हणून नान-खलिया निघाला, असं सांगतात. हॉटेलातला पोऱ्यासुद्धा ही गोष्ट अशी सांगतो, जणू त्याच्या आजोबांनी तुघलकाला तर्री वाढली होती.

गोष्ट मला आवडते, पण तिच्यात एक मिरची अडकते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती सोळाव्या शतकात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. शेंगदाणाही तिकडचाच, दक्षिण अमेरिकेतला. तुघलकाच्या वेळी या दोन्ही वस्तू दौलताबादच्या किल्ल्यात असणं शक्य नाही. अबुल फजलच्या यादीतही तिखटपणा येतो तो मिऱ्यांचा. मग तुघलकाच्या सैनिकांनी काही खाल्लं असेल तर तो मिऱ्यांचा, फिकट रंगाचा एखादा रस्सा असेल. आज आपण ज्याला खलिया म्हणतो त्याच्यातला लाल रंग आणि दाटपणा नंतरचा. नाव अरबी, रोटीचं नाव फारसी, मिरची पोर्तुगीजांनी आणलेली, शेंगदाणा मराठवाड्याच्या शेतातला आणि देगीखाली सरपण इथल्या बाभळीचं. या पदार्थाला एक गाव द्यायचं ठरवलं तर आपली पंचाईत होईल.

फौजेच्या गोष्टीत तथ्य मात्र आहे, आणि ते पदार्थाच्या करणीत आहे. हजार माणसांना गरम पोळ्या वाढायच्या तर पन्नास बायका लाटायला लागतील. भात शिजवावा तर तो वेळेवर उतरवावा लागतो, गार झाला की बसतो. नान आदल्या रात्री भाजून ठेवता येतो. तो दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो, बांधून नेता येतो, मोजून देता येतो. खलिया एका देगीत होतो, मंद आचेवर तासन् तास बसतो आणि बसल्यावर बिघडत नाही, उलट मुरतो. पाहुणे वाढले तर रस्सा वाढवता येतो. छावणी असो की लग्न, दोन्हीकडं अडचण एकच असते : माणसं किती येतील ते सांगता येत नाही. नान-खलिया या अडचणीवर काढलेली तोड आहे.

कॉलेजात असताना मी जुन्या शहरात एका खोलीत राहायचो. खाली एक भट्टी होती. रात्री दहाला तिथं मैदा मळायला सुरुवात व्हायची. मळणारा माणूस उघडा, घामेजलेला. पीठ असं आपटायचा की वर माझ्या खाटेला कळायचं. मग पीठ ओल्या कापडाखाली झाकून ठेवायचं आणि मंडळी तिथंच बाकावर डुलक्या काढायची. पहाटे तीनच्या सुमारास गोळे, त्यांचे नान, वर गूळ-हळदीच्या पाण्याचा हात, आणि कापडाच्या गादीवर घेऊन तंदूरच्या आतल्या भिंतीला चिकटवायचं. चिकटवणाऱ्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत केस उरलेले नसत. ते जळून गेलेले. काढताना दोन लोखंडी सळ्या : एक खरवडायला, एक अडकवायला. भाजलेल्या पिठाचा तो वास माझ्या इतिहासाच्या पुस्तकांनाही लागला होता. परीक्षेच्या दिवसांत मी खाली जाऊन बसायचो. भट्टीवाले मामू म्हणायचे, 'क्या रे, पढाई नक्को?' मी म्हणायचो, 'हौ मामू, आता जातो.' त्यांना मराठी कळायचं, मला दखनी. तुम्ही पाहा, दखनीतला हा 'नक्को' आपल्या मराठीतल्या 'नको'चाच भाऊ आहे. दिल्लीवाल्याला तो ऐकून हसू येतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर जरा तुमच्या फडताळात डोकावू द्या. मी कवी माणूस, मला डब्यांपेक्षा डब्यांवरची नावं आधी दिसतात. मैदा फारसी. मसाला अरबी. बदाम, पिस्ता फारसीच. बेदाणा म्हणजे 'बे दाणा', ज्यात बी नाही तो. बर्फी ही 'बर्फ'ची लेक. जिलबी अरबी 'जलाबिया'च्या घरातली. बटाटा, काजू, पाव हे तिघे पोर्तुगीज. लग्नाच्या ठिकाणी आचारी जिथं चूल मांडतो त्याला आपण भटारखाना म्हणतो; हा शब्द सराईत स्वयंपाक करणाऱ्या भटियाऱ्यांकडून आला. सत्यनारायणाच्या पूजेचा स्वयंपाकही आपण भटारखान्यातच करतो आणि प्रसादाला जो शिरा करतो तो शब्दही फारसीच्या जवळचा. कुणी यातलं निवडून बाहेर काढायचं म्हटलं तर आधी डबे रिकामे करावे लागतील.

आमच्याकडच्या लग्नात नान-खलियाचा थाट बघायचा असतो. आदल्या दिवशी मोकळ्या जागेत लांब चर खणतात. त्यावर ओळीनं देगी. देगी तांब्याच्या, आतून कल्हई केलेल्या; कल्हई नीट नसेल तर बावर्ची हात लावत नाही. नान भट्टीवर सांगितलेला असतो आणि तो हातगाडीवरून, चादरीत बांधून येतो. पण त्याच लग्नात दुसऱ्या बाजूला आणखी एक मांडव असतो. तिथं वेगळा आचारी, वेगळी भांडी, वेगळे वाढपी. पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. ही गावातल्या, कचेरीतल्या हिंदू मित्रमंडळींसाठी. आचारी बहुतेकदा ब्राह्मण किंवा मारवाडी असतो आणि त्याला आवर्जून तसाच शोधून आणलेला असतो, म्हणजे कुणाच्या मनात शंका नको. आमच्या घरच्या एका लग्नात या मांडवातली वांग्याची भाजी इतकी झकास झाली होती की आमचेच निम्मे पाहुणे तिकडं जाऊन बसले. देगीजवळचा बावर्ची दोन दिवस रुसला होता.

ईदची रीतही अशीच. ज्या शेजाऱ्यांकडं आमच्या घरचं शिजवलेलं चालायचं नाही त्यांच्याकडं अम्मी ताटात कोरडा शिधा पाठवायची. शेवया, साखर, खारीक, चारोळी, थोडे बदाम आणि लोट्यात दूध. त्या काकू आपल्या चुलीवर आपल्या भांड्यात शिरखुर्मा करायच्या. ताट कधी रिकामं परत आलं नाही. कधी त्यात मूठभर गहू असायचे, कधी गुळाचा खडा. दिवाळीला त्यांच्या घरून चकली-करंजी यायची, ती मात्र शिजवलेलीच यायची आणि आम्ही ती दाराशीच संपवायचो. हल्लीच्या एखाद्या तरुणाला यात शिवाशिव दिसेल. ती होतीच, मी नाकारत नाही. पण तिच्यावरून वाद न घालता, तिला वळसा घालून, दोन बायकांनी सण एकमेकींच्या घरात नेला, याचं मला आजही नवल वाटतं.

काही पदार्थांना तर असा वळसाही घालावा लागत नाही. मोहरममध्ये आमच्याकडं गुळाच्या पाण्यात कणीक भिजवून चोंगे करतात; गावात ताबूत बसायचे तेव्हा चोंगे हिंदूंच्याही घरी व्हायचे. पिराला नवस बोलून मलिदा नेणाऱ्यांत मराठा, धनगर, माळी सगळे असतात. चपाती किंवा भाकरी कुस्करून तिच्यात गूळ-तूप घातलं की झाला मलिदा. आणि गंमत म्हणजे कोकणातले बेने इस्रायली यहुदी पैगंबर एलियाच्या नावानं जो विधी करतात त्यालाही मलिदाच म्हणतात. तिथं गोड पोहे असतात. खानदेशात आणि सीमेपलीकडं बुऱ्हाणपुरात जा. खानदेशातल्या हिंदू घरांत पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे होतात. बुऱ्हाणपूरच्या मुसलमानांच्या लग्नातही मांडेच असतात, रुमालासारखे पातळ, मटणाच्या रश्शाबरोबर खायचे. एकीकडं आत पुरण, दुसरीकडं बाहेर रस्सा. पण हातांवर पीठ झुलवत मोठं करण्याची ती लकब पाहिलीत तर दोघी बायका एकाच माहेरच्या वाटतील. मुक्ताईनं ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले अशी कथा आहे, तेव्हा या माहेराचा पत्ता फार जुना असणार.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. छोट्या हॉटेलांत मिळणारा नान-खलिया पूर्वी मटणाचा नसायचा. आमच्याकडं दोन शब्द आहेत, 'छोटे का' आणि 'बडे का'. लग्नात ऐपतीप्रमाणं छोट्याचं, म्हणजे बकऱ्याचं. हॉटेलात बड्याचं. ते स्वस्त होतं. मी विद्यार्थी असताना खिशात पाच रुपये असले की पोटभर जेवण व्हायचं, वर तर्री फुकट. माझ्या बाकावर हमाल असायचे, रिक्षावाले असायचे, मोंढ्यातून आलेले गाडीवान असायचे. सगळे मुसलमान नसायचे. १९७६ च्या कायद्यानं महाराष्ट्रात गोहत्येला बंदी होतीच. मार्च २०१५ मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि त्यात बैल आणि वळूही आले. रेडा-म्हैस त्यात नाहीत. या कायद्याच्या बाजूनं आणि विरोधात पुष्कळ बोललं गेलं आहे, न्यायालयातही गेलं आहे. मी फक्त बाकावरून जे दिसलं ते सांगतो. मी जात असे त्या तीन हॉटेलांपैकी एक बंद पडलं. दुसऱ्यानं म्हशीचं सुरू केलं, पण येणारा प्रत्येक जण आधी दबक्या आवाजात 'काय आहे?' विचारू लागला आणि मालक प्रत्येकाला पावती दाखवू लागला. तिसऱ्यानं मटण आणि चिकन ठेवलं. मटणाची प्लेट हमालाच्या आवाक्यातली राहिली नाही. चिकनच्या खलियाबद्दल माझं मत विचाराल तर तो खलिया नव्हे. खलियाला हाडाचा रस उतरायला वेळ लागतो, मसाला मुरायला वेळ लागतो. तोवर कोंबडीचा पार लगदा होतो.

तो हमाल गेला कुठं? तो तिथंच आहे. तो सकाळी भट्टीवरून दोन नान घेतो आणि शेजारच्या टपरीवर चहात बुडवून खातो. गोड नान चहाबरोबर वाईट लागत नाही. पण ती न्याहारी आहे, पोती उचलणाऱ्याचं जेवण नव्हे.

हा प्रश्न केवळ मुसलमानांच्या ताटाचा नाही, हे मला शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' वाचताना जास्त कळलं. हे पुस्तक २०१५ मध्येच आलं आणि २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. मराठवाड्यातल्या दलित घरांच्या चुलींवर काय शिजायचं, ते त्यांनी कृतींसह लिहून ठेवलं आहे. आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत 'मराठवाडी पदार्थ' म्हणून जे छापलं जातं त्यात या चुली नसतात आणि भट्टीवरचा नानही नसतो. कुणी मुद्दाम वगळलं असेल असं नाही. लिहिणाऱ्याला त्या गल्लीत जायचं कारणच पडलं नसेल.

नान-खलियाला दुसरा धोका घरातूनच आहे. आता मंगल कार्यालयात बुफे असतो. तिथं नूडल्स असतात, मंचुरियन असतं, कोपऱ्यात पाणीपुरीवालाही असतो. तरुण मुलांना हल्ली अरबी 'मंदी'चं वेड आहे. मोठ्या परातीत भात, वर भाजलेली अख्खी कोंबडी, भोवती बसून फोटो. वाईट लागत नाही, मीही खाल्ली आहे. पण खाडीच्या देशातला पदार्थ 'आपला' म्हणून मिरवायचा आणि आपल्याच गल्लीतल्या नानला 'जुनं' म्हणायचं, हे मला पटत नाही. भट्टीवर बसायला पोरं मिळत नाहीत, ही तर सगळीकडची तक्रार. रात्रभर जागायचं, हात भाजून घ्यायचे आणि मजुरी किती? माझ्या मामूंचे दोन्ही मुलगे दुसऱ्या धंद्यात आहेत. एकाचं मोबाइलचं दुकान आहे, तो म्हणतो, 'अब्बांच्या हाताकडं बघितलं तेव्हाच ठरवलं होतं.'

तरीही शहागंज, सिटी चौक, रोशन गेट, या जुन्या भागात आजही नान-खलिया मिळतो. रमजानमध्ये संध्याकाळनंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते. ज्यांना मांसाहार चालत नाही त्यांनीही जायला हरकत नाही; ताजा नान नुसता घ्या, आणि मग गुलमंडीवर जाऊन उडदाच्या डाळीची गरम इमरती खा. जेवणानंतर पान हवं असेल तर उस्मानपुऱ्यातलं तारा पान दूरवर प्रसिद्ध आहे, पत्ता विचारावा लागत नाही.

खलिया खायला मात्र दुपारी साडेबाराच्या आत जा. बोर्डावर 'मुघलाई' लिहिलेलं मोठं हॉटेल टाळा, जिथं दाराशी देग दिसते आणि आत लाकडी बाक दिसतात तिथं शिरा. काटा-चमचा मागू नका. नानचा तुकडा हातानं तोडा, आधी वरच्या तर्रीत टेकवा, मग खालच्या रश्शात बुडवा आणि क्षणभर तिथंच राहू द्या. त्याला प्यायला वेळ लागतो. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, कोरड्या नानचा घास घ्या. गूळ त्यासाठीच आहे. दोन वाजून गेले असतील तर आत जाण्याआधी बाहेरूनच विचारा, कारण एव्हाना पोऱ्या देगीत उतरून तळ खरवडत असतो आणि वर न बघताच 'खतम' म्हणतो.